पहिला घाव आमचा

पहिला घाव आमचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही हकिगत अजूनही दुसऱ्या टोकाकडून सुरू करतात. आधीच्या वर्षी त्यांनी काय केलं, त्याच्या आधी त्यांच्या बापाने काय केलं, असं करत करत मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. त्या रविवारी सकाळी दोन घाव वर्मी बसले. एक माझ्या भावाचा, दादाचा. दुसरा माझा. कोर्टाच्या कागदांत दोन्ही दादाच्या नावावर आहेत.

मी लोणावळ्यात एका विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. हा विषय कुणी आपखुशीने घेत नाही. पोरांना फौजदारी हवं असतं, जमिनीचे खटले हवे असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर आहे. पण स्वसंरक्षणाचा धडा आला की मागच्या बाकावरचेही मोबाईल खाली ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत एक्कावन्नावं कलम आहे. एखाद्या राष्ट्रावर सशस्त्र हल्ला झाला, तर स्वतःचा बचाव करण्याचा त्याला उपजत हक्क आहे. मी फळ्यावर लिहिते, ‘झाला तर’, आणि खाली रेघ ओढते. मग वर्गाला विचारते, शत्रूने सीमेवर रणगाडे आणून उभे केलेत, तोफांची तोंडं तुमच्याकडे आहेत, तरी पहिला गोळा पडेपर्यंत थांबायचं का? सगळा वर्ग एका आवाजात म्हणतो, नाही मॅडम.

मग मी त्यांना एका जहाजाची गोष्ट सांगते. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी बंडखोरांना सामान पोचवणारं एक लहानसं जहाज नदीकाठाला बांधलेलं होतं. पलीकडच्या राज्याचे सैनिक आले, त्यांनी जहाजावर माणूस मारला, जहाजाला आग लावली आणि पेटतं जहाज धबधब्याच्या दिशेने सोडून दिलं. वर म्हणाले, आम्ही बचाव केला. त्यावर दोन सरकारांची पत्रापत्री झाली आणि त्यातून एक कसोटी निघाली. गरज तातडीची हवी, अंगावर कोसळणारी हवी, दुसरा मार्ग उरलेला नसावा आणि विचार करायला क्षणही नसावा. शिवाय जो वार करायचा तो गरजेपुरताच. मी हे वीस वर्षं तोंडपाठ म्हणत आले आहे. वर्गात म्हणताना छान वाटतं.

आमचं गाव आंदर मावळात. टाकव्यापर्यंत जीप मिळते, पुढे मोजक्या एसट्या, त्या चुकल्या तर पाय आहेतच. डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं एकाखाली एक उतरत जातात. वरचं खाचर भरलं की बांधात ठेवलेल्या वाटेने पाणी खालच्यात येतं, त्या वाटेला सांड म्हणतात. वरची खाचरं भाऊची, त्याखालची आमची. भाऊ म्हणजे आमचा चुलत भाऊ, दादापेक्षा आठ वर्षांनी मोठा. सगळी वाडी त्याला भाऊच म्हणते. मी पहिलीत असताना पावसाळ्यात ओढा चढला की तो मला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

त्या रविवारच्या आदल्या वर्षी ऐन आवणीत, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायच्या दिवसांत, पावसाने दडी मारली. लावलेलं भात डोळ्यांदेखत पिवळं पडायला लागलं. भाऊने आपलं पाणी राखायला सांड बुजवली. दादा फावडं घेऊन वर गेला आणि त्याने सांड मोकळी केली. भाऊने त्याच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि दांड्याकडून त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आपण चुलीपाशी ऐकला असं वहिनी सांगते. ते खरं नसणार, पण मी तिला कधी टोकलं नाही. मी पोचले तेव्हा दादा बांधावर उकिडवा बसून ओकत होता आणि त्याचा हात भलत्याच कोनात लटकत होता. भाऊ वर उभा होता. मला बघून म्हणाला, “या वकीलबाई. लावा कलम.” आणि हसला.

मी लावलं. केस उभी राहिली आणि तारखांमध्ये अडकली. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आमच्याकडे बोलणं बंद म्हणजे अगदी बंद. लग्नात एका पंगतीला बसायचं नाही, मयतीला गेलं तरी वेगळं उभं राहायचं, एकमेकांच्या दारात सांगावा पाठवायचा नाही. पण मी गावात आलेली दिसली की भाऊ टपरीवरून ओरडायचा, “वकीलबाई, घावलं का कलम?” बसलेली माणसं खी खी करायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भर वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना मला ते हसू ऐकू यायचं आणि खडू हातात मोडायचा.

पुढच्या जुलैत मी एका शनिवारी गावी गेले. पावसाळ्यात शनिवारी कॉलेज सुटलं की भुशी धरणाला निघालेल्या गाड्यांची रांग लागायच्या आत मी लोणावळ्यातून सटकते. दुपारी तीनला घरी पोचले तर दादा ओटीवर उभा राहून वर भाऊच्या गोठ्याकडे बघत होता. मी आल्याचं त्याने बघितलंही नाही.

“बोकड आनलाय,” तो म्हणाला. “आन मानसं येत्यात. हत्यारं ठिवून जात्यात.”

मीही बघितलं. गोठ्याच्या मेढीला काळा बोकड बांधलेला होता. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी पायवाटेने यायचं, पहार, टिकाव, घण, कोयता असं काहीतरी भिंतीला टेकवायचं, भाऊशी दोन शब्द बोलायचं आणि जायचं. दादाने चौदा माणसं मोजली होती. चार दिवसांपूर्वीच्या पावसात भाऊच्या आणि आमच्या खाचरामधली दगडी ताल, म्हणजे रचलेला बांध, ढासळली होती. दगड आमच्या खाचरात पसरले होते. त्यातून बाजारच्या दिवशी भाऊ टपरीवर बोलला होता, “यंदा सांडीला कुनी हात लावला तर हातच ऱ्हायचा न्हाई.” ते वहिनीच्या भावाने स्वतः ऐकलं होतं.

“उद्या ताल रचाया येत्याल,” दादा म्हणाला. “आपल्यात दोन हात सरकवून रचत्याल. आडवा गेलो का कापत्याल. बोकड काय पूजेला आनलाय व्हय?”

वहिनीने इंदुरीला तिच्या माहेरी फोन लावला. दिवेलागणीच्या आत तिचे दोघे भाऊ मोटारसायकलवरून आले. येताना त्यांनी काठ्या आणल्या होत्या, लोखंडी कड्या बसवलेल्या. ओटीवर चहा झाला. दादाने कप खाली ठेवला आणि मला विचारलं, “बाय, तू शिकिवती न्हवं ह्ये? समद्यांनी मिळून माराया यायचं आन आपुन हात बांधून बसायचं, आसं हाये का कायद्यात?”

त्या वेळी मी काय काय म्हणू शकले असते. पोलिसांना फोन कर, म्हणू शकले असते. मीच वर जाऊन विचारून येते, म्हणू शकले असते. भाऊचं घर चाळीस पावलांवर होतं. पण तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला ते आवडलं. मी वर्गात बोलते तशी बोलले.

“हल्ला डोक्यावर आलेला असेल तर पहिला घाव पडायची वाट बघत बसा, असं कायदा सांगत नाही.”

“म्हंजी पयला आमी हानला तरी चालतंय.”

“गरज असेल तर.”

“गरज हायेच की,” दादा म्हणाला आणि उठला. दुसरा मार्ग उरलेला नसावा, हे मी बोललेच नाही. गरजेपुरताच वार, हेही नाही. वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेलं वाक्य मी अर्ध्यात सोडलं. आपोआप सुटलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते, पण तसं नव्हतं. उरलेलं अर्धं सांगितलं असतं तर दादा थांबला असता, आणि तो थांबावा असं मला वाटत नव्हतं.

सकाळी सातला बारीक पाऊस होता आणि धुकं खाचरापर्यंत उतरलेलं. दादाने मला घरात थांबायला सांगितलं. मी त्यांच्या मागून गेले. भाऊ एकटाच वरून खाली उतरला होता. त्याच्या हातात सुतळी आणि लाकडी खुंट्या होत्या, कमरेच्या आकडीला कोयता. आमच्याकडे रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला तो असतोच, माझ्या बापाच्याही असायचा. बाकीची माणसं वर गोठ्यापाशी चहा पीत होती. भाऊ खाली वाकून एक खुंटी ठोकत होता. दादा धावत गेला आणि भाऊने मान वर करायच्या आत फावड्याचा दांडा त्याच्या उजव्या मनगटावर घातला.

या खेपेला हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. ओली फांदी पायाखाली मोडते तसा. भाऊ ओरडला नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. दुसरा दांडा मांडीवर बसला तेव्हा तो चिखलात आडवा झाला. आकडीतून निसटलेला कोयता वहिनीच्या भावाने पायाने दूर उडवला. तोवर वरची माणसं आरडाओरडा करत उतरली आणि ढासळलेल्या तालीच्या खिंडारात एकच गर्दी झाली. काठी कुणाच्या तरी तोंडावर बसली आणि दात रक्तासकट माझ्या पायाजवळ पडले. वहिनीच्या धाकट्या भावाला तिघांनी खाली पाडलं होतं आणि एकजण त्याचं डोकं केसांना धरून पाण्यात दाबत होता. दादा तिकडे वळला आणि दिसेल त्याच्यावर दांडा चालवू लागला. माणसांच्या तोंडून जे आवाज येत होते ते शब्द नव्हते. खाचरातलं पाणी आधीच गढूळ होतं, त्यामुळे रक्त पडल्याचं त्यात दिसतही नव्हतं.

मी पडलेल्या दगडांच्या ढिगावर उभी होते. भाऊ माझ्यापासून दोन हातांवर, खाली. तो गुडघ्यांवर उठला. मोडलेला हात लोंबत होता आणि दुसऱ्या हाताने तो चिखल चाचपत होता. त्याने वर बघितलं आणि मला ओळखलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

“बाय,” तो म्हणाला, “टोपी कुटं गेली बग गं.”

मी दोन्ही हातांनी एक दगड उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला.

एकदाच. दुसऱ्यांदा उचलायला वाकले तेवढ्यात दादाने मागून माझं मनगट धरलं. धरलं नसतं तर मी दुसऱ्यांदाही घातला असता. माझ्या अंगात तेव्हा काय शिरलं होतं असं लोक विचारतात तसं मीही स्वतःला विचारून बघितलं आहे. काहीही शिरलं नव्हतं. ती मीच होते.

वाडीतले एक म्हातारे आबा भाऊचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसले होते आणि छाती फुटेस्तोवर ओरडत होते, “आरं इर्जिक हाये रं ह्यी! इर्जिकीला आल्यात मानसं! मारता कशापायी?”

इर्जिक म्हणजे एकाच्या शेतातलं अडलेलं काम वाडीने मिळून उरकायचं. घरटी एक माणूस आपलं हत्यार घेऊन येतो, दिवसभर फुकट राबतो आणि यजमान दुपारी पोटभर जेवायला घालतो. बोकड त्यासाठी होता. पहारी, टिकाव आणि घण तालीचे दगड हलवायला होते. आदल्या दिवशी घरोघर सांगावा गेला होता, वाडीच्या एकूण एक दारात. फक्त आमच्या दारात नाही, कारण बोलणं बंद होतं. ती माणसं नुसती राबायला जमताहेत हे ठाऊक नसलेलं वाडीत एकच घर होतं, आणि भ्यायला कारण असलेलंही तेच. भाऊने ठोकलेल्या खुंट्या नंतर पंचनाम्यात मोजल्या. सगळ्या त्याच्याच बाजूला होत्या, आमच्यात बोटभरही आलेल्या नव्हत्या.

भाऊला जीपमध्ये घालून तळेगावला नेलं. डावा डोळा गेला. मनगट जुळलं, पण वाकडं, त्या हातात पुन्हा कोयता धरता आला नाही.

पोलीस यायच्या आधी दादाने मला मोरीत नेलं आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं. नखांतला चिखल त्याने स्वतः काढला, लहानपणी काढायचा तसा. “तू घरात व्हतीस,” तो म्हणाला. “ओट्यावनं बगितलंस. गर्दीत कुनी वळकलं न्हाई तुला. दगुड मी घातला.”

“दादा, असं नको.”

“तुजी नोकरी जाईल. आन तू काय मज्जा म्हनून घातलास व्हय? त्यो उटला व्हता. माजी पाठ व्हती त्याच्याकडं. तू मला वाचिवलंस, बाय.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी काहीच बोलले नाही. माझं न बोलणं हा त्याने होकार समजला.

खटला तीन वर्षं चालला. आमच्या वकिलाने स्वसंरक्षणाचा बचाव घेतला. देशाच्या फौजदारी कायद्यातही तो हक्क आहे, मारणाऱ्याला वाजवी भीती वाटली पाहिजे एवढंच. मी साक्षीला उभी राहिले. शपथ घेतली आणि सांगितलं की भाऊ गुडघ्यांवर उठला, त्याच्या हातात कोयता होता आणि तो दादावर मागून वार करणार होता. सरकारी वकिलाने शांतपणे विचारलं, तुम्ही कुठे उभ्या होत्या? मी म्हणाले, घराच्या ओट्यावर. किती अंतर? शंभर सव्वाशे पावलं. पाऊस होता ना? होता. धुकं? तेही होतं. मध्ये माणसांची झोंबाझोंबी चालली होती, तरी तुम्हाला कोयता दिसला?

मी जागेवर होते असं सांगितलं असतं तर माझं कोयत्याचं खोटं कदाचित पचलं असतं आणि दादा सुटला असता. पण मग पुढचा प्रश्न आला असता की तुम्ही तिथे काय करत होता. मी स्वतःला वाचवायला सव्वाशे पावलं मागे सरकले आणि त्या सव्वाशे पावलांनी दादाचा बचाव बुडाला. न्यायाधीशांनी माझी साक्ष बाजूला ठेवली. भाऊला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मनगटाचं आठवतंय, पुढचं आठवत न्हाई. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

वहिनीचे भाऊ थोडक्यात सुटले. दादाला मात्र अडीच वर्षांची सजा झाली. मी भेटायला जायचे तेव्हा तो पलीकडून विचारायचा, “पोरं शिकत्यात का तुजी नीट?” त्याला माझ्या नोकरीचं भारी कौतुक. आत एकाने त्याला अंघोळीच्या रांगेवरून मारलं होतं, पुढचे दोन दात पडले होते. कसे पडले ते त्याने मला सांगितलं नाही, वहिनीला सांगितलं. तिथून परतताना मी गाडीत मोठ्याने रडायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून जहाजाची गोष्ट सांगायचे. त्याच काळात माझी बढतीही झाली.

दादा दोन वर्षांपूर्वी बाहेर आला आणि पुन्हा खाचरात उतरला. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नाही, बोललं तर आधीच्या वर्षाबद्दल बोलतात.

यंदा जुलैत मी तोच धडा घेत होते. बातम्यांमध्ये युद्धच युद्ध आहे, त्यामुळे वर्ग तापलेला होता. मुलं भांडत होती, अमक्याने पहिला हल्ला केला तो योग्य की अयोग्य. एरवी गप्प बसणारी एक मुलगी उठली.

“मॅडम, भीती होती हे ठरवायचं कसं? भीती तर ज्याची त्यालाच माहीत. त्याने नंतर खोटं सांगितलं तर?”

“परिस्थितीवरून ठरवतात,” मी म्हणाले.

“पण परिस्थिती तशी असूनही त्याला भीती वाटलीच नसेल तर? नुसता राग आला असेल तर?”

मी घड्याळाकडे बघितलं. तास संपायला दहा मिनिटं होती. बाकीचं पुढच्या वेळी, असं सांगून मी वर्ग सोडला आणि खोलीत जाऊन बसले. शनिवारी गावी गेले ती आमच्या घरी न थांबता थेट वर.

भाऊ ओट्यावर बसून डाव्या हाताने विळ्याला दगड लावत होता. विळा त्याने पायाच्या अंगठ्याने दाबून धरला होता. नऊ वर्षांत त्या ओट्यावर आमच्यातलं कुणी चढलं नव्हतं. त्याने एका डोळ्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विळा बाजूला ठेवला.

“ये बाय. बस.”

मी उभीच राहिले. बसले असते तर बोलता आलं नसतं. “भाऊ, तो दगड मी घातला होता. दादाने नाही.”

“म्हाईत हाये मला. डोळा गेला, डोस्कं न्हाई गेलं.”

“मग कोर्टात आठवत नाही का म्हणालास?”

“मंग काय सांगू? बाईमानसानं लोळवला म्हनून? मला त्याच टपरीवर बसायचं व्हतं नंतर.” आणि तो हसला. तेच हसू. मी वाट बघत राहिले, पण या वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली नाही.

“दादा अडीच वर्षं आत बसला, भाऊ.”

“हात तर त्यानंच मोडला की माजा. आन त्याच्या आदी त्याचा मी. ते आमचं आमी बगून घिऊ.” त्याने वाकडं मनगट मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने चोळलं. “मला तुलाच येक इचारायचं व्हतं. कवापास्नं इचारायचंय. तवा तुला खरंच वाटलं का गं, का ह्यो मानूस आपल्याला मारनार?”

तो मनगट चोळतच राहिला. “डोळ्याचं न्हाई मला काय. पन ज्या पोरीला खांद्यावनं न्हेलं, तिला माज्याकडं बगून मरान दिसलं. मी टोपी मागितली आन तिला मरान दिसलं. आरश्यात बगतो तवा तेच येतं मनात. कसलं त्वांड आसंल माजं.”

याचं उत्तर मला पाठ होतं. मी ते नवऱ्याला दिलं होतं, झोपेच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरलाही दिलं होतं. प्रसंगच तसा होता, मी घाबरले होते, विचाराला क्षणही नव्हता. एवढं म्हटलं असतं की तोही मान डोलावून गप्प बसला असता, कायद्यात तेच बसतं.

“नाही,” मी म्हणाले. “भीती नव्हती वाटली. तुझ्या हातात काही नाही, हे मला दिसत होतं. मला राग आला होता. तू हसायचास, त्याचा.”

पत्र्यावर पावसाचा आवाज होत होता. मग भाऊने एक लांब श्वास सोडला आणि त्याचे खांदे खाली आले.

“राग व्हय,” तो म्हणाला. “आगं मंग ठीक हाये. रागाचं मला समजतं. राग मलाबी लय हाये.” डाव्या मनगटाने त्याने उरलेला डोळा पुसला. “आठ वर्सं उगा जीव खाल्लास माजा.”

मला वाटलं, झालं. एका माणसाला तरी खरं सांगून झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी खांबाला टेकले.

भाऊने विळा पुन्हा पायाखाली धरला. दगड लावता लावता, मान वर न करता त्याने विचारलं, “ह्ये दादाला सांगितलंस?”

मी नाही म्हणाले.

“मंग त्यो आजून ह्येच समजत आसंल, तू त्याला वाचवाया घातलास. मानूस त्या भरवश्यावर आत ऱ्हाऊन आला, बाय.”

चहा आला होता, तो मी तसाच ठेवला. ओट्यावरून उतरले आणि तालीच्या कडेने खाली निघाले. दादा खाचरात वाकून रोपं लावत होता. मला भाऊच्या घराकडून येताना बघून तो सरळ झाला, चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि माझी वाट बघत उभा राहिला.